आधी दार, मग शिडी

कृष्णवर्णीय उद्योजकांसाठी अमेरिकेत सरकार आणि समाज यांनी मिळून उभारलेली व्यवस्था साठ वर्षांनंतर डळमळीत झाली आहे. तिचा इतिहास दिल्लीनेही वाचावा असा आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १४ मार्च २०२५ रोजी काढलेल्या एका आदेशात सात सरकारी यंत्रणांची नावे होती. कायद्याने बंधनकारक असेल तेवढेच काम या यंत्रणांनी करावे, बाकीचे गुंडाळावे, असा त्या आदेशाचा आशय. त्यांपैकी दोन यंत्रणा कृष्णवर्णीय उद्योजकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. एक, वाणिज्य खात्यातील अल्पसंख्याक व्यवसाय विकास संस्था; आणि दुसरी, दुर्लक्षित वस्त्यांमध्ये कर्जवाटप करणाऱ्या वित्तसंस्थांना भांडवल पुरवणारा अर्थखात्यातील निधी. अनेक राज्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि मे २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडमधील संघीय न्यायालयाने व्यवसाय विकास संस्थेबाबत त्याच्या अंमलबजावणीला अंतरिम स्थगितीही दिली. परंतु प्रश्न त्या एका खटल्यापुरता नाही.

यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. ही व्यवसाय विकास संस्था ज्या कार्यालयातून वाढली, ते कार्यालय ५ मार्च १९६९ रोजी रिचर्ड निक्सन यांनी अध्यक्षीय आदेशाने स्थापन केले होते. म्हणजे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षाने. त्या काळी 'कृष्णवर्णीय भांडवलशाही' हा निक्सन यांच्या प्रचाराचा आवडता शब्द होता. एका रिपब्लिकन अध्यक्षाने उभारलेले छप्पर ५६ वर्षांनी दुसरा रिपब्लिकन अध्यक्ष उतरवू पाहतो, याचा अर्थ काय लावायचा?

कौशल्य हे दारिद्र्यावरचे औषध आहे, यावर सर्व पक्षांचे सहसा एकमत असते. प्रशिक्षणाचे वर्ग काढल्याने कोणाच्याही ताटातले काही कमी होत नाही. कंत्राट, कर्ज आणि बाजारपेठ यांच्या वाटणीची वेळ आली की हे एकमत संपते. कृष्णवर्णीय उद्योजकांसाठी सरकार आणि समाज यांनी केलेल्या भागीदारीची साठ वर्षांची कहाणी ही वस्तुतः या दोन टप्प्यांमधल्या अंतराची कहाणी आहे. तिची सुरुवात वॉशिंग्टनमध्ये झाली नाही. ती झाली फिलाडेल्फियातल्या एका रिकाम्या पोलीस ठाण्यात.

ठाण्यातली शाळा

लिऑन सुलिव्हान हे १९५० पासून फिलाडेल्फियातील झायन बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. शहरातील कृष्णवर्णीय वस्ती गिऱ्हाईक म्हणून सर्व कंपन्यांना हवी होती. नोकरीवर घेताना मात्र तिला झाडलोट आणि ओझी वाहण्यापलीकडे फारसे काही मिळत नव्हते. १९६० मध्ये सुलिव्हान आणि शहरातील सुमारे ४०० धर्मोपदेशकांनी 'निवडक खरेदी'ची मोहीम सुरू केली. जी कंपनी आमच्या मुलामुलींना कचेरीत, विक्रीविभागात आणि यंत्रांवर काम देणार नाही तिचा माल घेऊ नका, असे रविवारच्या प्रार्थनेनंतर सांगितले जाऊ लागले. पहिला बहिष्कार शहरातल्या एका नामांकित बेकरी कंपनीवर पडला. ती नमली आणि मग एकामागून एक इतरही नमल्या.

दार उघडल्यावर दुसरी अडचण समोर आली. जागा निर्माण झाल्या होत्या. पण त्या जागांसाठी लागणारे शिक्षण आणि सराव असलेली माणसे पुरेशी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामाच्या जवळही फिरकू दिले नव्हते, ते काम येणार कोठून? जानेवारी १९६४ मध्ये सुलिव्हान यांनी उत्तर फिलाडेल्फियातील एका वापरातून गेलेल्या पोलीस ठाण्यात 'ऑपॉर्च्युनिटीज इंडस्ट्रियलायझेशन सेंटर' म्हणजेच 'ओआयसी' सुरू केले. जिथे वस्तीतल्या तरुणांना कोठडीत डांबले जाई, तिथे आता ते यंत्र चालवायला शिकू लागले.

या केंद्राचे वैशिष्ट्य यंत्रशाळेच्याही आधी सुरू होत असे. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणापूर्वी एक पूर्वतयारीचा वर्ग असे. त्यात वाचन, हिशेब, मुलाखतीला सामोरे जाणे, वेळ पाळणे यांच्या जोडीने स्वतःच्या समाजाचा इतिहासही शिकवला जाई. ज्याला आयुष्यभर 'तू नालायक आहेस' असेच ऐकवले गेले, त्याच्या हातात पाना देण्याआधी त्याची मान ताठ करावी लागते, ही त्यामागची दृष्टी होती. स्थानिक उद्योगांनी यंत्रे आणि सल्ला दिला, फोर्ड फाउंडेशनने अनुदान दिले आणि पुढे संघीय सरकारचा पैसाही आला. जून १९६७ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः हे केंद्र पाहून गेले. अमेरिकेतील अनेक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी बहिष्कार, मग नोकरीचे दार आणि त्यानंतर प्रशिक्षण. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या राजकारणात या क्रमावरून जुना वाद होता. १८८१ मध्ये टस्कीगी येथे हस्तकौशल्याची संस्था सुरू करणारे आणि १९०० मध्ये कृष्णवर्णीय व्यावसायिकांचा राष्ट्रीय संघ स्थापन करणारे बुकर टी. वॉशिंग्टन यांचे म्हणणे असे, की आधी कसब आणि पैसा मिळवावा, हक्क मागाहून येतील. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यावर कठोर टीका केली. मताधिकार आणि नागरी हक्क नसलेल्या कारागिराला आपली कमाई राखता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९२१ मध्ये टल्सा शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची बाजारपेठ श्वेतवर्णीय जमावाने जाळून टाकली, तेव्हा तो मुद्दा राखेतून सिद्ध झाला. सुलिव्हान यांनी या वादाचा व्यवहारी निकाल लावला. ताकद आणि कसब ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. पण गाडी हलते ती ताकदीच्या चाकाने.

दरमहा दहा डॉलर

नोकरी मिळाली म्हणजे मालकी मिळाली असे नाही. सुलिव्हान यांना हे लवकर उमगले. १९६२ मध्ये त्यांनी आपल्या चर्चमधील कुटुंबांना दरमहा १० डॉलर, असे ३६ महिने देण्याचे आवाहन केले. पहिल्या १६ महिन्यांचे पैसे धर्मादाय न्यासाकडे जात आणि उरलेल्या २० महिन्यांचे २०० डॉलर भागभांडवल म्हणून गुंतवले जात. धर्म आणि धंदा यांची वेगवेगळी खाती ठेवण्याची ही शिस्त साधी होती, पण तिनेच पुढचे इमले उभे राहिले. या पैशाच्या बळावर बँकेचे कर्ज मिळवून १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर 'प्रोग्रेस प्लाझा' हे व्यापारी संकुल उभे राहिले. कृष्णवर्णीयांच्या मालकीचे अमेरिकेतील पहिले व्यापारी संकुल म्हणून त्याची नोंद होते. त्याच्याशी जोडूनच नव्या दुकानदारांना व्यवस्थापन शिकवण्याची सोय करण्यात आली. त्या वर्षी उमेदवार असलेल्या निक्सन यांनी या संकुलाला भेट दिली, हा योगायोग नव्हता.

येथे 'कौशल्य' या शब्दाचा अर्थ बदलतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. कामगाराला यंत्र यावे लागते. उद्योजकाला निविदा वाचता यावी लागते, खर्चाचा अंदाज बांधता यावा लागतो, हमीपत्र देणारी कंपनी शोधावी लागते आणि काम पूर्ण होऊन देयक निघेपर्यंत तीन-चार महिने मजुरी भागवावी लागते. यातले पहिले दोन विषय वर्गात शिकवता येतात. उरलेले दोन पत आणि ओळख यांवर अवलंबून असतात आणि ती वाडवडिलांकडून येतात. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो ठेवीदारांची पुंजी घेऊन गेली. त्यांच्या वंशजांकडे पत कोठून असणार?

सरकारचा हात, सरकारची सावली

निक्सन यांच्या १९६९ च्या आदेशाने या पोकळीत सरकार उतरले. पुढे १९७९ मध्ये त्या कार्यालयाला आजचे नाव मिळाले. त्याची कार्यपद्धती भागीदारीची होती. वॉशिंग्टनने स्वतः वर्ग चालवायचे नाहीत. विद्यापीठे, व्यापारी संघटना आणि सामाजिक संस्था यांना अनुदान देऊन शहरोशहरी व्यवसाय केंद्रे चालवायची. तेथे उद्योजकाला कर्जाचा अर्ज, निविदा आणि निर्यात यांबाबत मार्गदर्शन मिळे. जोडीला लघुउद्योग कायद्याचे '८ (अ)' हे कलम होते. त्यानुसार सरकार काही कंत्राटे मोठ्या स्पर्धेतून वेगळी काढून वंचित समाजातील उद्योजकांना देऊ लागले. १९७८ मध्ये काँग्रेसने या पद्धतीला स्पष्ट कायदेशीर आधार दिला. त्याआधी १९७७ मध्ये मेरीलँडचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी पॅरेन मिचेल यांच्या दुरुस्तीमुळे स्थानिक सार्वजनिक बांधकामांच्या संघीय अनुदानातील १० टक्के रक्कम अल्पसंख्याक कंत्राटदारांसाठी राखली गेली होती.

सरकारी हातासोबत सरकारी सावलीही आली. १९७२ च्या निवडणुकीत अनुदाने आणि कंत्राटे पाठिंबा मिळवण्यासाठी कशी वापरली गेली, याचा तपशील वॉटरगेट चौकशीत सिनेट समितीसमोर आला. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील वेडटेक या कंपनीने अल्पसंख्याक मालकीचा खोटा देखावा करून संरक्षण खात्याची मोठी कंत्राटे लाटली. त्या प्रकरणात एका काँग्रेस सदस्याला तुरुंगात जावे लागले. नाव एकाचे आणि धंदा दुसऱ्याचा, हा प्रकार भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण या घोटाळ्यांचा राजकीय परिणाम वेगळा झाला. दोष लबाडी करणाऱ्यांचा. बदनाम झाली ती सगळी व्यवस्था.

अटलांटाचा धडा

ही व्यवस्था प्रामाणिकपणे राबवली तर काय होते, याचे उदाहरण जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराने घालून दिले. मेनार्ड जॅक्सन १९७४ मध्ये त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक होते; शहराच्या कंत्राटांत अल्पसंख्याकांचा वाटा मात्र एक टक्क्याहूनही कमी होता. विमानतळाच्या विस्ताराचे प्रचंड काम समोर होते. त्यात सुमारे एक चतुर्थांश वाटा अल्पसंख्याक कंपन्यांना मिळालाच पाहिजे, अन्यथा काम सुरू होणार नाही, अशी भूमिका जॅक्सन यांनी घेतली. शहरातील बड्या बांधकाम कंपन्या आणि बँका संतापल्या. दीर्घकाळ रस्सीखेच चालली. महापौर हटले नाहीत.

जॅक्सन यांनी मोठ्या कंपन्यांना लहान कृष्णवर्णीय कंपन्यांबरोबर संयुक्त भागीदारी करायला लावले. तीच या प्रयोगाची किल्ली ठरली. लहान कंत्राटदार मोठ्याच्या शेजारी बसून अंदाजपत्रक करू लागला, हमीपत्राची भाषा शिकला, पुरवठादारांची साखळी कशी चालते ते त्याने पाहिले. जे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळाले नसते, ते कामाच्या जागी मिळाले. नवे प्रवासी संकुल सप्टेंबर १९८० मध्ये खुले झाले. शहराच्या कंत्राटांतील अल्पसंख्याकांचा वाटा काही वर्षांतच एक तृतीयांशाच्या वर गेला. आज त्या विमानतळाच्या नावात जॅक्सन यांचेही नाव आहे.

न्यायालयाची कात्री

मात्र अटलांटाचा मार्ग इतर शहरांनी धरताच तो न्यायालयात अडला. व्हर्जिनियातील रिचमंड शहर यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी होते. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे निम्मे. पाच वर्षांतील मुख्य कंत्राटांत अल्पसंख्याकांचा वाटा फक्त ०.६७ टक्के. शहराने १९८३ मध्ये बांधकाम कंत्राटांत ३० टक्के हिस्सा राखला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती तरतूद रद्द केली. समाजात भेदभाव आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. या शहरात, या व्यवसायात तो झाला, हे पुराव्याने दाखवा, असा तो निकाल होता. १९९५ च्या अडारँड निकालाने तीच कठोर कसोटी संघीय सरकारलाही लागू केली.

जून २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मज्जाव केला आणि त्याचे पडसाद उद्योजकतेच्या योजनांवर लगेच उमटले. जुलै २०२३ मध्ये टेनेसीच्या संघीय न्यायालयाने '८ (अ)' योजनेत विशिष्ट समाजांना वंचित म्हणून गृहीत धरण्यास मनाई केली. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने व्यवसाय विकास संस्थेलाही तेच बंधन घातले. अटलांटातील 'फिअरलेस फंड' हा कृष्णवर्णीय महिलांना व्यवसायासाठी २० हजार डॉलरचे अनुदान देई. पैसा सरकारी नव्हता. तरीही जून २०२४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती योजना रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंद झाली. तिच्याविरुद्ध वापरलेला कायदा १८६६ चा होता, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून केलेला. ज्यांच्या रक्षणासाठी ढाल घडवली, त्यांच्याच नातींवर ती उगारली गेली.

याच्या मुळाशी घटनात्मक रचनेचा फरक आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत समान संरक्षणाची हमी आहे. पण मागे राहिलेल्यांसाठी विशेष तरतूद करण्याची स्पष्ट मुभा नाही. १९८२ च्या कॅनडाच्या हक्कसनदेतील कलम १५ (२) ती मुभा देते. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या संघीय सरकारला कृष्णवर्णीय उद्योजकता कार्यक्रम उघडपणे त्याच नावाने जाहीर करता आला. सुमारे २२ कोटी १० लाख कॅनेडियन डॉलरच्या या कार्यक्रमाचे तीन भाग होते. कृष्णवर्णीयांनीच चालवलेल्या संस्थांना प्रशिक्षण आणि मार्गदर्शनासाठी निधी, अडीच लाख डॉलरपर्यंतची कर्जे आणि उद्योजकांच्या स्थितीचा अभ्यास करणारे ज्ञानकेंद्र. कर्जाच्या निधीत बँकांचाही वाटा होता आणि कर्जवाटपाची सूत्रे कृष्णवर्णीय समाजाच्याच एका महासंघाकडे देण्यात आली. प्रशिक्षण आणि कर्ज यांची सांगड येथे सुरुवातीलाच घातली गेली. सरकारी खरेदी हा तिसरा दुवा मात्र त्या तीन भागांत नव्हता.

भोपाळमार्गे दिल्ली

या इतिहासाशी भारताचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. जानेवारी २००२ मध्ये मध्य प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांच्या पुढाकाराने भोपाळमध्ये दलित विचारवंतांची परिषद झाली. 'भोपाळ जाहीरनामा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात पुरवठादारांमधील वैविध्याची अमेरिकी कल्पना भारतीय राजकारणात आणली गेली. नोकरीतील आरक्षणापलीकडे जाऊन सरकारी खरेदीत वाटा, ही ती मागणी. मध्य प्रदेश सरकारने त्यानुसार काही खात्यांत पावलेही टाकली. डिसेंबर २००३ मध्ये सत्तांतर झाले आणि चर्चा मावळली. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना स्थापन केली आणि हा विषय पुन्हा दिल्लीच्या दारात आला.

मार्च २०१२ मध्ये केंद्राने सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी खरेदी धोरण अधिसूचित केले. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा असावा, असे त्यात ठरले. निविदेचा खर्च आणि बयाणा रक्कमही माफ झाली. १ एप्रिल २०१५ पासून धोरण बंधनकारक झाले. २०१६ मध्ये 'स्टँड-अप इंडिया' योजना आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, हा तिचा संकल्प होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुधियानात प्रशिक्षण आणि मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती केंद्राची योजना सुरू झाली. कागदावर दार, शिडी आणि पत ही तिन्ही भारताकडे आली. शिवाय राज्यघटनेचे कलम १५ (४) पाठीशी आहे. फिअरलेस फंडावर आलेला प्रसंग येथे सहजासहजी येणार नाही.

तरीही ४ टक्क्यांचा तो आकडा प्रत्यक्ष खरेदीत वर्षानुवर्षे दूरच राहिला. दरवर्षी संसदेत प्रश्न विचारला जातो, लेखी उत्तर पटलावर येते, त्यात लाभार्थी आणि शिबिरे यांची संख्या असते आणि उद्दिष्ट का गाठले नाही याचे कारण बहुधा 'पुरेसे पात्र पुरवठादार उपलब्ध नाहीत' या वाक्यात बसवले जाते. हे वाक्य १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या कंपन्याही म्हणत होत्या. जॅक्सन यांनी ते ऐकून घेतले नाही, म्हणून पुरवठादार तयार झाले.

दोष धोरणाच्या पायातही आहे. ४ टक्क्यांची तरतूद २००६ च्या लघुउद्योग कायद्याखालील आदेशात आहे. ती न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला दंड नाही. सार्वजनिक खरेदीसाठी स्वतंत्र कायदा करणारे विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबर बाद झाले. कर्नाटकाने मात्र आपल्या खरेदी कायद्यातच दुरुस्ती करून ठरावीक रकमेपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांचा हिस्सा राखला. एक राज्य जे करू शकते, ते संसदेला अशक्य नाही. आदेशाने दिलेले आदेशाने काढून घेता येते, हा मार्च २०२५ चा वॉशिंग्टनचा धडा आहे. व्यवसाय विकास संस्था निदान न्यायालयात उभी राहू शकली, कारण नोव्हेंबर २०२१ मध्ये काँग्रेसने तिला कायद्याने कायम केले होते.

आणि कायद्याच्याही खाली आणखी एक पाया लागतो. फिलाडेल्फियातील 'प्रोग्रेस प्लाझा' मधल्या काळात खंगले. सुलिव्हान २००१ मध्ये वारले. परंतु २००९ च्या अखेरीस तेथे किराणा मालाचे मोठे दुकान पुन्हा उघडले आणि पुढच्या फेब्रुवारीत मिशेल ओबामा ते पाहायला आल्या. निक्सन गेले, त्यांच्या घोषणा विरल्या, अनुदानांचे ओघ आटले आणि पुन्हा वाहिले. दरमहा १० डॉलर देणाऱ्या कुटुंबांनी उभी केलेली ती जागा नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर राहिली. सरकारने दार उघडावे, कायद्याने ते उघडे ठेवावे. पण उंबरठ्याच्या आतली जमीन समाजाच्या नावावर असली, तर दार पुन्हा लावताना सरकारलाही दोनदा विचार करावा लागतो.